भुशीची सागवानी पेटी

खरं तर प्लास्टिकचा एक ट्रे आणला असता तर काम भागलं असतं. पण मिस्त्री म्हणाले, "सुताराच्या घरात प्लास्टिक? लोक हसतील!" आणि लोकांना हसायला दुसरं कारण मिळालं ते असं.

भुशी म्हणजे मिस्त्रींची मांजर. अजून पिल्लूच. वर्कशॉपमध्ये करवतीखालच्या भुशाच्या ढिगात सापडली, म्हणून भुशी. तिला खिशात घालून घरी आणलं तेव्हा "दोन दिवस ठेवू, मग बघू" असं मिस्त्री म्हणाले होते. (दोन दिवसांनी त्यांनी बघितलं, आणि मग बघतच राहिले.) पोर गुणाची होती. फक्त एक खोड. 'त्या' कामासाठी तिला पाहुण्यांची गादीच लागायची.

बायकोने दोनदा गादी धुऊन वाळवली. तिसऱ्यांदा ती शिलाई मशीनवरून उठली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"रविवारी आई येतेय. ह्याच गादीवर झोपणार आहे. तोवर ही सुधारली तर ठीक, नाहीतर हिची रवानगी माझ्या भावाच्या गोदामात."

"अगं, तिथे ट्रक येतात-जातात!"

"मग शिकवा तिला."

मिस्त्रींनी खाली पाहिलं. भुशी त्यांच्या मांडीवर पोट वर करून घोरत होती. हिच्याशिवाय घर म्हणजे काय घर, ह्या विचाराने त्यांना चहासुद्धा गोड लागेना.

दोघं तिला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी सगळं तपासलं. "आजार काही नाही. हिला एक चांगली पेटी हवी..."

झालं! एवढं कानावर पडलं आणि मिस्त्रींच्या डोक्यात मापं सुरू झाली. बाई पुढे बरंच काही बोलल्या. मिस्त्रींनी मान डोलावली खरी, पण मनातल्या मनात ते फळ्या कापत होते.

गॅलरीत काम सुरू झालं. सागवान, गोलाई मारलेले कोपरे, पितळी बिजागऱ्या, दोन हात पॉलिश. दार असं बसवलं की फटीतून कागदसुद्धा जाऊ नये. (गिऱ्हाइकांना ते नेहमी असंच सांगायचे. ह्या वेळी ते खरंही होतं.) आत मऊ, बारीक वाळू. बायको बघतच राहिली.

"सुंदर झालीय हो! पण ती दार उघडणार कशी?"

मिस्त्रींनी पेटीकडे पाहिलं. मग मांजरीच्या पंजांकडे पाहिलं.

"ते... काढणारच होतो मी."

दार निघालं. त्या जागी फळी आली आणि फळीला गोल भोक पडलं. भुशीने भोकाशी नाक नेलं, पॉलिशच्या वासाने दोनदा शिंकली आणि शेपटी उभी करून गादीकडे चालू लागली. मिस्त्रींनी तिला वाटेतच उचललं, पेटीपुढे बसवलं आणि आता प्रात्यक्षिकच द्यायचं ठरवलं. गुडघे टेकले, डोकं आणि एक हात भोकात घातला आणि वाळू उकरायला सुरुवात केली.

"बघ हं, राणी. हळूहळू. अस्सं!"

"कुणाशी बोलताय, जावईबापू?"

सासूबाई! एक दिवस आधीच! मिस्त्रींनी घाईघाईने डोकं मागे ओढलं, तर कान अडकले.

"लाकडाशी!" पेटीतून आवाज आला. "बोलावं लागतं. कामाचा भाग आहे." मग जोर लावून त्यांनी डोकं सोडवलं.

"आणि डोक्यात वाळू?"

"आतून घासत होतो. गुळगुळीत व्हायला."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं, लेकीने छताकडे पाहिलं. तेवढ्यात भुशी गादीवर चढून गोल गोल फिरायला लागली. ह्या फिरण्याचा अर्थ घरात दोघांना चांगला ठाऊक होता. मिस्त्री धडपडत उठले. गेली आता आपली भुशी!

पण बायकोने झडप घातली. मांजर उचलली आणि मशीनमागच्या कोपऱ्यात एका पोचे आलेल्या जुन्या घमेल्यात ठेवली. त्यात गॅलरीतला झाडून गोळा केलेला भुसा होता. भुशीने वास घेतला, उकरलं, गंभीर चेहरा करून बसली आणि काम उरकून वर भुसाही ओढला.

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"डॉक्टरीणबाई हेच सांगत होत्या," बायको म्हणाली. "उघडं भांडं, शांत कोपरा, वास नको आणि ओळखीचं काहीतरी. भुशात वाढलेली पोर ती. तुम्ही मान डोलवत होता ना?"

"मग गोदाम?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

"कसलं गोदाम?" बायको भुशीचे कान खाजवत म्हणाली. "माझा भाऊ स्वतःचं जेवण विसरतो, हिला काय सांभाळणार!"

सासूबाईंचा हात मात्र पॉलिशवरून फिरत होता. "आणि हे एवढं देखणं कुणासाठी?"

"तुझ्यासाठीच की, आई!" बायकोने ठोकून दिलं.

सासूबाईंचा चेहरा उजळला. "जावईबापू, लग्नानंतर पहिल्यांदा काहीतरी केलंत हो माझ्यासाठी." मिस्त्रींनी लाजून मान खाली घातली. (मानेवरून थोडी वाळू पडली.)

पेटी सासूबाईंच्या घरी गेली. नात्यातल्या झाडून साऱ्यांना त्यांनी ती दाखवली. मिस्त्रींचा भाव एकदम वधारला. काही महिन्यांनी सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, आता पॉलिशचा वासही गेला, म्हणून मी त्या पेटीत माझ्या लोकरीच्या शाली ठेवल्या. तर शेजारचा मेला बोका रोज येतो, त्या भोकातून आत शिरतो, शाली उकरतो आणि खुशाल कार्यक्रम उरकून जातो!"

मिस्त्रींची छाती फुगली. इतक्या दिवसांचं शल्य एका क्षणात गेलं.

"बघा!" ते फोनमध्येच ओरडले. "म्हणजे पेटीत काही खोट नव्हतीच!"

पलीकडून अगदी सावकाश प्रश्न आला.

"जावईबापू, ही पेटी तुम्ही नक्की कशासाठी केली होती?"

मिस्त्रींनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती भुशीला कडेवर घेऊन केव्हाच दुसऱ्या खोलीत गेली होती, आणि तिने दार लावून घेतलं होतं. ते मिस्त्रींनीच बसवलेलं होतं. फटीतून कागदसुद्धा जात नव्हता.