सासूबाईंच्या कपाटाची पाठ

"डोळे फसतात, नाक फसतं, माणूस तर जन्मभर फसतच असतो. पण माझा कान? कधीच नाही!"

असं टकटकराव दिवसातून चारदा तरी म्हणायचे. हे नाव त्यांना शेजाऱ्यांनी दिलं होतं, आणि उगाच नव्हतं दिलं. लाकूड दिसलं की बोटाचं पेर वळवायचं, टकटक करायची आणि कान लावायचा. 'टण्' वाजलं तर लाकूड गिटारीचं, 'थप्' वाजलं तर चुलीचं. निकाल लागला की कानावरची पेन्सिल काढायची, फळीवर 'पास' नाहीतर 'नापास' लिहायचं आणि खाली झोकदार सही ठोकायची. परीक्षा मंडळच जणू!

गिटारी बनवायचा हा नाद त्यांना लागला आणि घरची बाल्कनी गेली. तीन गिटारी झाल्या होत्या. पहिली फळांच्या खोक्याची, तिला मुंग्या लागल्या. दुसरी जुन्या दाराची, ती इतकी जड की वाजवणाऱ्याला उठवायला दोन माणसं लागायची. तिसरीने तार पिळल्याबरोबर असा काही आवाज काढून जीव सोडला की वरच्या मजल्यावरचे लोक पोराबाळांसकट रस्त्यावर!

त्या दिवशी बायकोने निर्वाणीचं सांगितलं. "हे बघा, ही शेवटची चौथी. महिनाअखेरपर्यंत सुरात वाजली तर बाल्कनी तुमची. नाहीतर तिथे वॉशिंग मशीन बसणार आणि तुमचे रंधे-करवती भंगारात!"

टकटकरावांचा चेहरा पडला. पण पैसे टाकून चांगलं लाकूड आणतील तर ते टकटकराव कसले! "विकतच्या लाकडाची गिटार कोणीही करेल," ते म्हणाले. "फुकटच्या लाकडातून सूर काढायचा, याला म्हणतात कारागिरी!"

वखारीत जाऊन त्यांनी सकाळभर उरलेसुरले तुकडे वाजवले. शेवटी वखारवाला कावला. "अहो काका, लाकूड घ्यायला आलात की कलिंगड?"

खोकला झाला म्हणून डॉक्टरकडे गेले, तर डॉक्टर यांच्या छातीवर टकटक करतोय आणि हे डॉक्टरच्या टेबलावर!

"छाती साफ आहे," डॉक्टर म्हणाला.

"टेबलात मात्र भुसा भरलाय," टकटकराव म्हणाले.

असे पंधरा दिवस गेले. मग एकदा ते सासूबाईंचं औषध पोचवायला गेले. मागच्या खोलीत सासूबाईंचं जुनं कपाट होतं. भिंतीला ओल येते म्हणून जरा पुढे ओढून ठेवलेलं. टकटकरावांचा हात सहज त्याच्या पाठीला लागला. पेर आपोआप वळलं.

टण्ण्ण्ण्!

टकटकरावांच्या अंगावर काटा आला! देवळातली घंटा वाजावी तसा आवाज! ते कपाटामागच्या फटीत घुसले, तपकिरी रंग दिलेल्या त्या फळीला कान लावला आणि डोळे मिटून हसत उभे राहिले.

"सासूबाई," बाहेर येऊन ते म्हणाले, "कपाट फार कुरकुरतंय हो! रविवारी येऊन नीट करून देतो."

या माणसाने अकरा वर्षांत स्वतःचा चहाचा कप कधी उचलून ठेवला नव्हता! सासूबाईंनी लगेच थोरल्या मुलीला फोन लावला.

"अगं, धाकटे जावई कपाटाला कान लावून उभे होते. डोळे मिटून! गालातल्या गालात हसत!"

"आई, कपाटात आहे काय?"

"काय असणार? रजया आणि डांबरगोळ्या."

"नीट आठव! बाबांनी जाण्याआधी काहीतरी लपवलं असणार. त्याशिवाय का तो कान लावतोय?"

थोरलीचा नवरा विम्याचा एजंट. घबाडाचं नाव निघालं आणि त्याची झोपच उडाली. धाकट्याला मिळतं आणि आपण राहतो म्हणजे काय!

रविवार उजाडला. टकटकराव बायकोला घेऊन हजर झाले. मायलेकी स्वयंपाकघरात गप्पांना बसल्या आणि हे पेचकस घेऊन कपाटामागे. बेत साधा होता. फळी काढायची, तिच्या जागी तपकिरी रंगवलेला पुठ्ठा ठोकायचा. मागची बाजू बघतंय कोण?

आठ स्क्रूंपैकी सात निघाले. तेवढ्यात साडूभाऊ पुढच्या दाराने पाय न वाजवता आत आले, खोलीत कोणी नाही असं बघून कपाट उघडलं आणि रजयांमध्ये शिरले. चोरकप्पा कुठे पोकळ वाजतो ते बघायला त्यांनीही पेर वळवलं.

इकडे टकटकरावांनी शेवटचं एकदा वाजवून बघितलं. टक.

आतून आलं, टक.

टकटकराव चपापले. टक टक!

आतून, टक टक!

"अहाहा!" टकटकराव मोहरले. "चांगलं लाकूड बोलतं म्हणतात, हे तर गप्पा मारतंय!" फळीला गाल लावून ते लाडाने कुजबुजले, "बोल, राणी, बोल!"

भिंतीकडून माणसाचा आवाज ऐकून साडूभाऊंच्या काळजाचं पाणी पाणी झालं. "क-कोण? बाबा? बाबा, माफ करा! मी नुसता बघत होतो, कशाला हात नाही लावला!"

फळीने 'बाबा' म्हटल्यावर टकटकराव जे किंचाळले! ती किंकाळी ऐकून साडूभाऊंनी पळायला उडी मारली, पण घाबरलेल्या माणसाला दार कुठलं आणि पाठ कुठली! आठवा स्क्रू गोळीसारखा उडाला. आधी फळी, मग रजयांचा डोंगर, मग गारांसारख्या डांबरगोळ्या आणि सगळ्यात शेवटी साडूभाऊ, अशी वरात टकटकरावांवर कोसळली!

मायलेकी धावत आल्या.

"साडूभाऊ, तुम्ही कपाटात?" खालून टकटकराव म्हणाले.

"तुम्ही कपाटामागे?" वरून साडूभाऊ म्हणाले. "मला... मला जरा थंडी वाजत होती."

"भर उन्हाळ्यात?" सासूबाई म्हणाल्या.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "सासूबाई, चुकलो!" टकटकरावांनी हात जोडले. "मला ही फळी पळवायची होती. पण काय लाकूड आहे हो! साठ-सत्तर वर्षं मुरलेलं! असलं झाड आता जंगलात शोधून सापडायचं नाही. माझा कान कधी फसत नाही!"

सासूबाई मटकन पलंगावर बसल्या आणि हसायला लागल्या. चष्मा नाकावरून घसरला तरी थांबेनात. "जावईबापू, उलटी करा ती फळी. कागद काढा वरचा."

टकटकरावांनी आतल्या बाजूचा कागद टरकावला. फळीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'नापास. चुलीत घाला.' खाली झोकदार सही. तारीख तीन वर्षांपूर्वीची!

"छापखान्याच्या मशीनचं खोकं आणलं होतंत, आठवतं?" सासूबाईंनी डोळे पुसले. "तुम्ही फेकायला काढलंत, ही लेक माझ्याकडे टाकून गेली. कपाटाची पाठ वाळवीने खाल्ली होती. म्हटलं, चुलीत कशाला, कपाटाला लावू!"

"पण तेव्हा ही थप् वाजत होती!"

"अहो, पावसात भिजलेलं खोकं! नळाखालून काढलेल्या माणसाला कोणी गायला बसवतं का? माझ्याकडे तीन वर्षं रजयांच्या उबेत वाळली, मग कंठ फुटला बिचारीला!"

"म्हणजे बाबांनी काही ठेवलं नाही?" साडूभाऊंनी हळूच विचारलं.

"ठेवलंय की! त्या काय डांबरगोळ्या, सगळ्या पलंगाखाली गेल्यात. वेचा!"

फळी मिळाली, पण सासूबाईंनी अट घातली. कपाटाला नवी पाठ, तीही अस्सल सागवानाची! बायकोनेही संधी साधली. "आणि ते लिहिलेलं खोडायचं नाही. मी सांगेन तिथेच आलं पाहिजे!"

टकटकराव वखारीत गेले. एवढं मोठं गिऱ्हाईक बघून वखारवाला खुलला. "काका, वाजवून नाही बघत?"

"नको. बांध मुकाट्याने!"

फुकटची फळी दुकानातल्या गिटारीहून महाग पडली. पण महिनाअखेरीला त्यांनी पहिली तार छेडली, आणि काय सांगू! वरच्या मजल्यावरचे लोक पुन्हा खाली आले. या वेळी सावकाश, खुर्च्या घेऊन! बायको डोळे मिटून ऐकत राहिली. "बाल्कनी तुमची," ती म्हणाली, आणि टकटकरावांनी गिटारीआड तोंड लपवून नाक पुसलं.

आता येणारा प्रत्येक पाहुणा गिटार हातात घेतो आणि मधल्या गोल भोकातून आत डोकावतो. मोठे कारागीर आपल्या नावाची चिठ्ठी जिथे डकवतात, नेमकं तिथेच त्याला ठळक अक्षरात दिसतं, 'नापास. चुलीत घाला.' खाली झोकदार सही.

मग पाहुणा विचारतो, "आणि हा डांबरगोळ्यांचा वास कुठून येतोय हो?"

"वास? छे!" टकटकराव म्हणतात. "नाक फसतं हो माणसाचं!"

कानाबद्दल मात्र हल्ली काही बोलत नाहीत.