पंख्याचा निरोप

टक्. एवढाच आवाज झाला आणि पाळणा थांबला. दुपारची शांतता क्षणभर टिकली; मग बाळाने ती संपवली.

पाळण्याची मोटर धडधाकट होती, तिला वेग सांगणारं बटण तेवढं गेलं होतं. आणि आईला संध्याकाळपर्यंत पंपाचं ड्रॉइंग पाठवायचं होतं. बाळंतपणाच्या रजेनंतरचं पहिलंच काम. साहेब म्हणाले होते, "घरून जमतंय का बघू. नाहीतर दुसऱ्या कुणाला देऊ."

बाळाला थोपटता थोपटता तिची नजर कॉम्प्युटरवर गेली. तो तापला की एका बारीक तारेतून आपल्या पंख्याला सांगतो, जोरात फिर. तीच तार पाळण्याच्या सर्किटला जोडली तर? आपण कामाला बसलो की कॉम्प्युटर तापणार, पाळणा आपोआप हलणार.

"आई, बाळाला जरा मांडीवर घेता?" तिने सासूबाईंना हाक मारली.

"आता काय उघडून बसलीस?" त्यांनी विचारलं. त्यांचा खांदा आखडला होता, नाहीतर पाळणा त्यांनीच हलवला असता.

"पंख्याचा निरोप पाळण्याला पोचवतेय."

"पोचव बाई. या घरात माझाच तेवढा पोचत नाही."

पंख्याचा इशारा फार क्षीण होता, म्हणून तो मोठा करायला तिने मध्ये एक ट्रान्झिस्टर टाकला. पाच वर्षांच्या थोरलीने चाचणीसाठी आपली बाहुली दिली. पाळणा संथ डुलला. बाहुलीच्या जागी बाळ आलं, डोळे मिटू लागलं. तिने हळूच ड्रॉइंग उघडलं. पंखा घोंगावला आणि पाळणा थांबला. बाळ रडलं. तिने हात आवरला; पंखा मंदावला, पाळणा डुलू लागला, बाळ गप्प.

"तू कामाला लागलीस की हा बसतो," सासूबाई म्हणाल्या. "अगदी माझ्या मुलावर गेलाय."

तिला हसू आलं आणि हसता हसताच उमगलं. ट्रान्झिस्टर निरोप मोठा करत होता, पण उलटा करून. मग तिने पुढे आणखी एक ट्रान्झिस्टर लावला. उलट्याचं उलट. आता पंपाची पाती जितकी भराभर रेखावीत, तितका पाळणा रंगात. उजेड असतानाच ड्रॉइंग गेलं. साहेबांचं उत्तर आलं, "उत्तम. उद्या पुढचं पाठवतो."

सासूबाई खुर्चीतच पेंगल्या होत्या. तिनेही जमिनीवर अंग टाकलं. कॉम्प्युटर निवला, पंखा मंदावला, पाळणा थांबला, बाळ उठलं. ती धडपडत उठली आणि पडद्यावरचा पंप उगाचच गरगर फिरवत बसली. बाळ पुन्हा झोपलं.

थोरली बराच वेळ आळीपाळीने पाळण्याकडे आणि आईकडे बघत होती.

"आई, तू काम केलंस की बाळ झोपतं. तू झोपलीस की बाळ उठतं. मग तू कधी झोपायचंस?"