मठशाळेच्या अळणी वरणाची बखर

स्वर्गीच्या बापास नमन करून, मरियामाउलीचा पदर धरून, जैसे कानी आले तैसे लिहिले. अधिक असेल ते हाताचे, उणे असेल ते शाईचे. शके १८१४ नंदननाम संवत्सरी, आश्विनमासी, समुद्रापलीकडून पाच जोगिणी पांढरी शिरोवस्त्रे लेऊन टेकडीवर उतरल्या आणि मुलींची शाळा घालावी ऐसा मनसुबा केला. मुख्य मदर बेनेडिक्तासाहेब. मग गावकरी मंडळी काठ्या घेऊन चालून आली की, "पोरींस अक्षर शिकवाल तर भाकऱ्या कोण थापील?" मदरसाहेबांस मुलखाची भाषा अवगत नव्हती, "जेवलात का?" इतकेच येत होते, तेच त्या बोलिल्या. मंडळी चकित जाहली, काठ्या भिंतीस लाविल्या, पोटभर जेवली आणि जाताना मुली ठेवून गेली. ऐसी शाळा स्थापन जाहली. रक्तपात नाही, भात मात्र सरला.

मग मदरसाहेबांनी मठाचे जेवणमेजास कायदे घातले. मेजावर मौन धरावे. थोरलीने घंटी वाजविली म्हणजे बोलावे, परंतु थोरलीस गर्व न व्हावा यास्तव पहिला शब्द धाकटीने बोलावा. आणि अन्नास नाव ठेवणे ते मेजावरच ठेवावे, उठल्यावर आचाऱ्याचे कानी लागू नये. कायदे उत्तम चालिले, कारण धाकट्या पुष्कळ होत्या. शाळाही वाढली. मुली डॉक्टर जाहल्या, कलेक्टर जाहल्या, एक तर विमान चालवू लागली, परंतु पुढे पुढे जोगीण होणेस कोणी राजी होईना. आणि जुन्या जोगिणी एकेक देवाघरी गेल्या, आणि बारा खुर्च्यांचे मेजावर सिस्टर फिलोमेना एकट्या राहिल्या.

त्या दिवशी सिस्टर थोरल्या जाहल्या. घंटी वाजविली आणि धाकटीची वाट पाहिली. धाकटी नव्हती. वरण अळणी होते. मग मुकाट जेवल्या. दुसरे दिवशी तोच प्रसंग. शिकवणाऱ्या बाया आपले डबे शिक्षकखोलीत खात आणि शाळा सुटताच घरोघर जात, बावतीस आचारी ताट ठेवून निघून जाई, आणि ऐसी कित्येक वर्षे वरण अळणी राहिले.

मग आठवीत जसिंता नामे मुलगी निपजली. तोंडाचा पट्टा ऐसा की वर्गात शिकवते कोण, हा वाद पडावा. तिच्या वर्गाच्या रेगेबाई बोलिल्या, "जसिंता, उद्यापासून जेवायचं सिस्टरांच्या मेजावर. तिथं माशीसुद्धा बोलत नाही." जसिंता शेजारणीस बोलिली, "गेले गं मी. माझा डबा तू खा."

मग ती मेजावर बैसली. सिस्टरांनी घंटी वाजविली आणि आशेने तिजकडे पाहिले. पोरीस वाटले, शिक्षा सुरू जाहली. जी मुलगी प्रार्थनेतही बोलत असे तिची वाचा बसली. रोज सिस्टर घंटी वाजवीत आणि रोज पोर दचके. अखेर एके दिवशी वरण जिभेस लागले आणि तिच्याने राहवेना.

"सिस्टर, वरणात मीठच नाही हो."

सिस्टरांनी चमचा खाली ठेविला. "नाही ना?" बोलिल्या. "मला वाटायचं, माझीच जीभ गेली."

"मग आचाऱ्याला सांगायचं ना."

"त्याआधी तू बोलायला हवं होतंस."

"मी कुठं होते तेव्हा?"

"तेच तर."

मग बावतीसास मेजापाशी पाचारण जाहले. तो बोलिला, "मला वाटलं सिस्टरांना अळणीच आवडतं. कधी काही म्हणाल्याच नाहीत." मीठ त्याच घटकेस पडले, आणि उभयतां मधली सुट्टी संपली तरी बोलत राहिल्या. पुढे शिक्षा उठली की जसिंता वर्गात बडबडून नवी मिळवी. रेगेबाईंनी शिस्तीवरचा विश्वास टाकिला.

मग जसिंता दहावी होऊन शहरी गेली. निघते वेळी बोलिली, "सिस्टर, घंटी वाजवत जा हां." "वाजवीन," सिस्टर बोलिल्या.

हल्लीचे वर्तमान ऐसे की सिस्टर रोज समोर एक ताट मांडवितात आणि घंटी वाजवितात. वरणात मीठ अगदी बेताचे; नाव ठेवावयास काही उरले नाही.

एवंच, शाळा जाहली, मुली शिकल्या, गेल्या. वरण सुधारले. पहिला शब्द येणे बाकी आहे. येथे लेखणी ठेविली.