एकतीस नंबरच्या खोलीतला मी

वयाच्या पस्तिसाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात जायचं मी ठरवलं ते एका म्हशीमुळे.

मी आरे कॉलनीतल्या तबेल्यांच्या ऑफिसात क्लार्क आहे. माझं काम म्हशींची हजेरी. रोज सकाळी रजिस्टर काखेत मारून तबेल्यांतून फिरायचं, म्हशीचा नंबर वाचायचा आणि खूण करायची. म्हैस मेली की त्याच दिवशी लाल शाईने तिचं नाव कमी. (म्हशींच्या बाबतीत आमचा कारभार चोख आहे. माणसांचं काय, ते पुढे सांगतो.) तर १९८४च्या दिवाळीनंतर एका म्हशीने शेणाने भरलेलं शेपूट रजिस्टरवर मारलं, आणि ते रजिस्टर मी तसंच साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेब नाक धरून म्हणाले, "तपासे, पुढच्या वर्षी हेडक्लार्कची जागा रिकामी होतेय. तुम्ही ग्रॅज्युएट असतात तर ह्या शेपटांतून सुटला असतात."

"सर, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एकच विषय राहिलाय माझा. पाली."

"मग जूनपर्यंत पास झाल्याचा कागद आणा. तिसरं वर्ष नोकरी सांभाळून करा. तोवर जागा धरून ठेवतो."

घरी येऊन शकुला सांगितलं. शकु म्हणजे आमची मंडळी. तिने डाळीच्या डब्यातून पाचशे रुपये काढले. "भिशीचे आहेत. शिलाई मशीन घेणार होते मी. पास होणार असाल तरच हात लावा."

मी हात लावला.

कॉलेज बोरिवलीला. १९६९ साली वडील गेले आणि नोकरी धरावी लागली, तेव्हापासून मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. नाव कमी करायचा अर्जसुद्धा दिला नव्हता. (त्यासाठी रांगेत उभं राहावं लागे.) काउंटरवर मीरा मॅडम म्हणून बाई होत्या. त्यांनी एक जाड वही उघडली, बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं.

"लहू तपासे. रोल नंबर सत्तावीस. दोन वर्षांची फी थकलीय तुमची. ह्या वर्षाची धरून तीन. चौदाशे भरा."

"मॅडम, मी कॉलेज सोडून पंधरा वर्षं झाली."

"अर्ज दिला होता?"

"नाही."

"दाखला नेला?"

"नाही."

"मग सोडलं कसं?" त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "आणि सोडलं म्हणता, तर रोज सकाळी वर्गात येतं कोण?"

मी वहीत पाहिलं. माझ्या नावापुढे हिरव्या शाईच्या खुणा होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. पान उलटलं, तर मागच्या महिन्यातही होत्या.

"कालसुद्धा हजर होतात," मीरा मॅडम म्हणाल्या. "फी तरी किती वेळेवर भरायचात. दर जूनला, रोख. ही दोनच वर्षं काय झालं हो तुम्हाला?"

मला काय झालं होतं ते मलाच माहीत नव्हतं. मी विचारलं, "आणि नाही भरली तर?"

"नाव कमी होणार. मग पहिल्या वर्षापासून सुरुवात. आठ दिवस देते."

संध्याकाळी शकुला सगळं सांगितलं. तिने आधी गॅस बंद केला.

"पंधरा वर्षं तुम्ही पहाटे उठून म्हशी मोजायला जाता ना?"

"हो."

"म्हशीच ना?"

"अगं, मी तिथे गेलोच नाही. तिथे दुसराच कोणीतरी मी आहे."

तिने पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "आपल्या घरात भुताखेतांना मनाई आहे. असलं काही आपण मानत नाही." पुन्हा गॅस पेटवला, पोळी तव्यावर टाकली, उलटली, आणि हळूच म्हणाली, "पण तिथे एकटे जाऊ नका."

मी एकटाच गेलो. (बरोबर नेणार कोणाला? म्हशीला?) पालीचा वर्ग सकाळी पावणेसातला. आरेतून पहिली बस पकडली तेव्हा रस्ता धुक्याने भरला होता. झाडं दिसत नव्हती, नुसत्या त्यांच्या फांद्या मध्येच खिडकीशी येऊन जात. बसमध्ये मी आणि कंडक्टर. त्याने मला दोन तिकिटं फाडून दिली.

"एकटाच आहे मी," मी ओरडलो.

"सॉरी हां. चिकटून आलं," असं म्हणून त्याने एक परत घेतलं. मी मात्र उरलेला रस्ता शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत काढला.

कॉलेजच्या दारात अंबादास शिपाई झाडत होता. माझ्या वेळचाच, फक्त आता केस पांढरे. त्याने मला ओळखलं नाही.

"कोण पायजे?"

"मी लहू तपासे. पालीच्या वर्गाला आलोय."

अंबादासच्या हातातला झाडू थांबला. त्याने मला खालून वर पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला.

"तपासे तर वर हायेत. वर्ग सुरू झालाय."

पळून जावं असं फार वाटलं. पण डोळ्यांसमोर शिलाई मशीन आलं, ते शेणाचं शेपूट आलं, आणि पाय आपसूक जिन्याकडे वळले. तिसऱ्या मजल्यावरचा व्हरांडा रिकामा होता. खिडक्यांतून धुकं आत आलेलं. टोकाला एकतीस नंबरची खोली, आणि बंद दाराआडून हजेरीचा आवाज येत होता.

"रोल नंबर एकवीस, रामनाथ जाधव."

"हजर, सर." जाडा, खर्जातला आवाज.

रामनाथ आमच्याच वर्गातला. तो तर नोकरीला कुवेतला गेला होता.

"बावीस, हरेश्वर कोळी."

"हाजर, सर!"

हरेश्वर मनोरीचा. माझ्याच बाकावर बसायचा. पहाटेची फेरी बोट धरून यायचा आणि येताना माझ्यासाठी कागदात भाजलेला बोंबील आणायचा. एकाहत्तर साली त्याची होडी समुद्रात गेली ती परत आली नाही. तीन दिवस मी मनोरीच्या किनाऱ्यावर त्याच्या आईजवळ, सोनूबाईजवळ, बसून होतो. आणि आता दाराआडून त्याचा आवाज आला होता. तसाच उडता, 'हा' लांबवणारा.

नावं पुढे सरकत होती. प्रत्येकाला उत्तर मिळत होतं, प्रत्येकाचं वेगळं.

"सत्तावीस, लहू तपासे."

आत कोणीतरी खाकरलं. मग झोपाळू, कंटाळलेला, विशीतला आवाज म्हणाला, "हजर, सर."

तो माझाच आवाज होता. वीस वर्षांचा असताना मी अस्साच खाकरून हजेरी द्यायचो.

भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, माझ्या तोंडून बाहेर व्हरांड्यात मोठ्याने निघालं, "हजर!"

आत खडू पडल्याचा आवाज आला.

"क-कोण आहे?"

"ल-लहू!"

"लहू आत आहे!" आतला माणूस किंचाळला.

मी दार ढकललं. सात बाकं रिकामी होती. टेबलामागे आमचे गांगुर्डे सर दोन्ही हातांनी डस्टर धरून उभे होते. खोलीत दुसरं कोणी म्हणजे कोणी नव्हतं. आधी कोणी कोणाला ओळखलं ते आठवत नाही. मी पायाला हात लावला तेव्हा सरांनी माझा दंड चिमटून बघितला.

"किती जाड झालास रे!" ते म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले.

मग सगळं उलगडलं. पालीचा वर्ग चालू ठेवायचा तर पटावर कमीत कमी सात नावं लागतात. पोरं जूनमध्ये येत, दिवाळीनंतर सोपा विषय मिळाला की निघून जात. वर्ग बंद झाला असता. म्हणून ज्यांनी नाव कमी करायचा अर्ज दिला नव्हता, अशा आमच्या बॅचच्या सात जणांना सरांनी पटावर जिवंत ठेवलं. फी स्वतःच्या पगारातून भरली. बाहेरून कोणी ऐकलं तर वर्ग भरलेला वाटावा म्हणून प्रत्येकाच्या आवाजात हजेरीही दिली.

"आणि परीक्षेचं काय, सर?"

"मार्चमध्ये तुम्ही सगळे आजारी पडता. रामनाथला टायफॉइड, हरेश्वरला मलेरिया. तुला कावीळ. अंबादास दर वर्षी सर्टिफिकेटं ऑफिसात नेऊन देतो."

म्हणजे मला पंधरा वेळा कावीळ झाली होती.

"पण गेली दोन वर्षं माझीच फी का थकवली, सर?"

सरांनी चष्मा पुसला. "बायकोचं औषधपाणी निघालं. एकाची राहून जात होती. बाकीचे कोण परदेशात, कोण गेलेले. तू आरेत आहेस हे मला ठाऊक होतं. म्हटलं, हा कधीतरी येईल." मग एकदम म्हणाले, "तू भरू नकोस. नाव कमी करून टाक. मी मार्चला निवृत्त होतोय. चार महिने अलीकडे वर्ग बंद झाला तर झाला."

मी समोरच्या बाकाकडे पाहिलं. तिथे हरेश्वर बसायचा. म्हशीचं नाव मी एका रेघेत कमी करतो. पण माझं नाव कमी झालं असतं तर सहाच उरले असते, वर्ग मिटला असता, आणि मग 'हरेश्वर कोळी' असा पुकारा जगात कुठेच झाला नसता. मला रडू आलं. (शिंक आली असं मी सरांना सांगितलं.)

पुढची भिशी शकुने आगाऊ उचलली. मी तिला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मशीन काय, पुढच्या वर्षी येईल. त्या मनोरीच्या मुलासाठी भरा." मी चौदाशे भरले आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात बसू लागलो. सर सहा जणांची हजेरी सहा आवाजांत देत, सातवी मी द्यायचो.

"आधी खाकर," सर म्हणत. "तुझ्यापेक्षा माझा लहू बरा होता."

त्या रिकाम्या बाकांमध्ये बसताना सुरुवातीला मान वळवायचा धीर होत नसे. एकदा तर 'बावीस' म्हटल्यावर भाजलेल्या बोंबलाचा वास आला. सरांनाही आला असावा, कारण ते क्षणभर थांबले. नंतर कळलं, अंबादास खाली डबा गरम करत होता. निदान अंबादास तरी तसं म्हणाला.

मार्चमध्ये मी परीक्षा दिली. तीन तास मान खाली घालून लिहिलं. महिनाअखेर सर निवृत्त झाले. जूनमध्ये साहेबांना द्यायचा कागद आणायला मी काउंटरवर गेलो, तर निकालात माझ्या नावापुढे लिहिलं होतं: 'गैरहजर. कावीळ.'

मी अंबादासला गाठलं. "सर्टिफिकेट दिलंस तू?"

"दर सालचं कामच हाय माझं. पंधरा वर्षांत कधी चुकलो नाय," तो अभिमानाने म्हणाला.

मी धावत मीरा मॅडमकडे आलो. "मॅडम, मी परीक्षेला बसलो होतो! पेपर लिहिलाय मी!"

मीरा मॅडमनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोला. तुमच्या जागेवर कोणीतरी बसलं होतं ते आम्हाला माहीत आहे. तुम्ही काविळीने अंथरुणात होतात, म्हणजे तो डमी. सरांचा निरोप समारंभ होता म्हणून प्रकरण वाढवलं नाही. नुसता पेपर रद्द केला."

"अहो, तो डमी मीच होतो!"

"पंधरा वर्षांत मार्चमध्ये कधी आला नाहीत, आणि यंदाच कसे येणार तुम्ही?"

"निदान पेपर तरी दाखवा. त्यात माझं अक्षर आहे. मी किती लिहिलंय ते बघा, मग बोला!"

त्यांनी कपाटातून पेपर काढला आणि पहिलं पान माझ्यासमोर धरलं. तपासून झालेला होता. वर लाल शाईत गोल करून मार्क लिहिले होते: शंभरपैकी अठ्ठावीस.

मी पुढे केलेला हात मागे घेतला. मीरा मॅडमनी पेपर परत कपाटात ठेवला, पुढच्या वर्षाचा फीचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि समजुतीने म्हणाल्या, "पुढच्या खेपेला डमी बसवाल ना तपासे, तर जरा शिकलेला बघा."