रोज जवळ असावी अशी सुरी

"आ करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

साहेबांनी आ केला. समोरच्या वरच्या दाताचा कोपरा जागेवर नव्हता. तो बिस्किटांच्या पुड्यात सापडला.

"किती वेळा सांगायचं? दात चावायला असतात, पुडे फोडायला नाही."

"पुडा उघडत नव्हता."

"स्वयंपाकघरात कात्री होती."

"स्वयंपाकघर लांब होतं."

बाई दातांच्या डॉक्टर. त्यांचा स्वतःचा नवरा दातांनी पुडे फोडतो हे बाहेर कळलं, तर दवाखान्याची अब्रू काय राहणार? त्यांनी दात बुजवून दिला आणि बजावलं, "हा शेवटचा. पुन्हा तुटला तर दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं, आणि कसा तुटला ते तिथं स्वतःच्या तोंडानं सांगायचं."

साहेब एका मोठ्या विमा कंपनीच्या इमारतीचे सुरक्षा अधिकारी होते. त्यांचं प्रत्येक परिपत्रक 'खबरदार' या शब्दाने सुरू होई, म्हणून कचेरीत त्यांना खबरदार साहेब म्हणत. लिफाफा उघडताना एका कारकुनाचं बोट कापलं, तेव्हापासून त्यांनी इमारतीत पातं असलेल्या प्रत्येक वस्तूला बंदी केली होती. तेव्हापासून पार्सलं किल्लीने भोसकून उघडली जात आणि वाढदिवसाचा केक फूटपट्टीने कापला जाई. कुणाची तक्रार नव्हती. फक्त केकवर सेंटिमीटर उमटत.

दाताच्या प्रकरणानंतर साहेबांना पटलं, की माणसाजवळ रोज एक सुरी असायला हवी. बंदीचा प्रश्न त्यांना पडला नाही. नियम कर्मचाऱ्यांसाठी होता, आणि अधिकारी म्हणजे कर्मचारी नव्हे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

निवड त्यांनी शास्त्रशुद्ध करायची ठरवली. घडीची सुरी पहिल्याच दिवशी बाद झाली. जिथे सांधा तिथे बिघाड. म्हणजे न मिटणारी, एकसंध पात्याची हवी. ती लहान हवी, म्हणजे खिशात मावेल, आणि पातळ हवी, म्हणजे जवळ आहे हे जाणवणार नाही. त्यांनी त्या मापाची एक सुरी पुठ्ठ्याची कापली आणि आठवडाभर खिशात बाळगली. ती घेऊन ते बसले, वाकले, जिना चढले, एकदा झोपलेसुद्धा.

"पुठ्ठ्यानं पुडा उघडतो का?" बाईंनी विचारलं.

"ही चाचणी आहे. खरी सुरी म्यानात असेल."

"म्यान? कुठल्या मोहिमेवर निघालाय?"

दुकानदाराने काचेवर ओळीने सुऱ्या मांडल्या. "कशासाठी हवी?"

"रोजच्यासाठी."

"रोज काय कापता?"

"रोज काही नाही. पण रोज जवळ हवी."

दुकानदाराने बराच विचार केला आणि सगळ्यांत महाग सुरी पुढे केली.

सुरी खरोखरच देखणी होती. बोटाएवढं पातं, त्याला मऊ कातड्याचं पातळ म्यान. साहेबांनी ती सासऱ्यांनी दिलेल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि तो कोट घालून एका निरोपसमारंभाला जाऊन आले. सुरी जाणवली नाही. घरी येऊन त्यांनी खिशात हात घातला, तर सुरी नव्हतीच.

घर धुंडाळून झालं. संशय बाईंवर आला.

"दवाखान्यात तर नेली नाहीस ना?"

"मी? माझी हत्यारं बघितलीत का कधी? तुमच्या सुरीला तिथं कुणी विचारणारही नाही."

सोमवारी मुख्यालयाची पाहणी समिती यायची होती. मुख्य सुरक्षा अधिकाऱ्याची जागा रिकामी होती आणि ती साहेबांना द्यायची की नाही, हे समितीच्या अहवालावर ठरणार होतं. त्यासाठीच फाटकावर धातू ओळखणारी नवी कमान बसवली होती, आणि तिच्या वापराचे नियम साहेबांनी स्वतः लिहिले होते. साहेब खास दिवसाचा तोच कोट घालून कमानीतून गेले.

कमान किंचाळली. फाटक आपोआप बंद झालं.

साहेबांनी किल्ल्या काढून ठेवल्या, घड्याळ काढलं, पट्टा काढला. तरी कमान ओरडतच होती. शेवटी कोट काढला. साहेब गप्प गेले, कोट ओरडला. त्यांनी कोट चाचपला आणि खालच्या काठाशी, अस्तर आणि कापड यांच्या मध्ये, बोटाला काहीतरी लहान आणि पातळ लागलं. पात्याच्या टोकाने म्यानातून डोकं काढून खिशाच्या तळाची शिवण उसवली होती, आणि सुरी म्यानासकट खाली उतरली होती.

इमारतीत सुरी आणणारा पहिला माणूस खुद्द सुरक्षा अधिकारी! समिती यायच्या आत ती निघायलाच हवी होती. त्यांनी रस्त्यापलीकडच्या बाईंच्या दवाखान्यात फोन लावला. "कात्री घेऊन ये. पळत ये."

बाई आल्या. फाटकावरचा वॉचमन आडवा आला. "ताई, कात्री इथं आणता येणार नाही."

"आत नाही नेत हो. एवढी शिवण उसवायची आहे."

"कमानीजवळ पातं नको, असा नियम आहे."

"मग कोट इकडं बाहेर द्या."

"ज्या वस्तूनं गजर वाजला ती जागची हलवायची नाही, असाही नियम आहे."

"असले नियम केले तरी कुणी?"

वॉचमन साहेबांकडे बघू लागला. मग बाईही बघू लागल्या.

"मी परवानगी देतो ना!" साहेब म्हणाले.

"साहेब, तोंडी परवानगी चालत नाही. लेखी लागते."

"लेखी देतो!"

"त्याचे कागद तुमच्या केबिनमध्ये आहेत. आणि फाटक तर बंद आहे."

वॉचमन दुष्ट नव्हता. नियम त्याने मनापासून पाठ केले होते, आणि पाठ झालेत की नाही हे साहेबांनीच दोनदा तपासलं होतं.

रस्त्याच्या टोकाला समितीची गाडी वळली. साहेबांनी बायकोकडे पाहिलं.

"खबरदार," बाई हळूच म्हणाल्या.

"दात... पातं असलेल्या वस्तूंत येतात का रे?" साहेबांनी वॉचमनला विचारलं.

वॉचमनने आठवून पाहिलं. "नाही साहेब."

साहेबांनी कोटाचा काठ तोंडात धरला. सासऱ्यांनी कोट चांगल्या शिंप्याकडून शिवून घेतला होता. कट्ट असा एक आवाज झाला, तो शिवणीचा नव्हता. दुसऱ्या झटक्याला अस्तर फाटलं, आणि गाडीतून उतरणाऱ्या अध्यक्षबाईंच्या बुटांपाशी म्यानासकट सुरी पडली. तिच्या शेजारी दाताचा कोपरा.

"ही कुणाची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मग साहेब ताठ झाले.

"मीच मुद्दाम लपवली होती. सुरक्षेची परीक्षा." तुटक्या दातातून प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजत होती. "स्वतःच्या साहेबालासुद्धा सोडायचं नाही, हे सिद्ध करायचं होतं."

"आणि दात?"

"सेवेत गेला."

अध्यक्षबाई भारावल्या. वॉचमनही भारावला, कारण आपली परीक्षा चालू आहे हे त्याला आत्ताच कळत होतं. डॉक्टरीणबाई मात्र जाता जाता एवढंच म्हणाल्या, "पुढच्या चौकात एक डॉक्टर बसतात. चांगले आहेत. फार खोदून खोदून विचारतात."

अहवाल उत्तम आला. साहेब मुख्य सुरक्षा अधिकारी झाले. अहवालात एक शिफारसही होती: परीक्षेची सुरी यापुढे कंपनीच्या मालकीची समजावी आणि ती फाटकावर वॉचमनच्या ताब्यात राहावी. माझी आहे, परत द्या, असं म्हणायची सोय साहेबांनी स्वतःच ठेवली नव्हती.

पुढे एकदा फाटकावर साहेबांच्या नावाचं पार्सल आलं. चहूबाजूंनी चिकटपट्टी. साहेबांनी किल्ली चालवून पाहिली, नख लावून पाहिलं. मग इकडेतिकडे बघून पार्सल हळूच तोंडाकडे नेलं.

"थांबा साहेब." वॉचमनने खिशात हात घातला, आणि पार्सल एका रेघेत उघडून दिलं.

साहेब सुरीकडे बघत राहिले. "ही कपाटात असायला हवी."

"कपाटाला कुलूप नाही. हरवली तर? म्हणून रोज जवळच ठेवतो." त्याने पातं रुमालाने पुसलं, म्यानात सारलं आणि खिशावर थाप मारली. "काय निवडलीत साहेब! आहे हे जाणवतसुद्धा नाही."