भुरीला पिल्लं दाखवण्याचा कार्यक्रम

डीपी उडाली दुपारी बारा वाजता, आणि पाचपर्यंत रुपरावांच्या इनक्युबेटरमधली अकरा पिल्लं गारठून एकमेकांवर चढायला लागली. डिसेंबरची थंडी, पिल्लं दोन दिवसांची, आणि कळमेश्वर रोडवरच्या त्या वस्तीत लाईनमन उद्याशिवाय उगवणार नव्हता. रात्र अशीच गेली तर सकाळी एकही पिल्लू उरणार नाही, हे रुपरावांनाही कळत होतं. बोलून दाखवायची मात्र पंचाईत होती.

कारण तीन आठवड्यांपूर्वी अंडी उबवायला खुडूक बसलेल्या भुरी कोंबडीच्या पोटाखालून ही अंडी ओढून मशीनमध्ये ठेवणारे महापुरुष तेच होते. "कोंबडीच्या भरोशावर काय राहतं वं? मशीन म्हणजे मशीन!" असं त्यांनी बायकोला, यमुताईंना, ऐकवलं होतं. मशीन विजेवर चालतं, ही किरकोळ बाब तेवढी राहून गेली. भुरी बिचारी तेव्हापासून खुराड्यात अंड्यांच्या जागी ठेवलेल्या दोन दगडी गोट्यांवर बसून होती, आणि रुपराव दिसले की चोच उगारत होती.

"द्या आता तिच्याच खाली," यमुताई म्हणाल्या. "अंधार पडू द्या, मंग एकेक पिल्लू गुपचूप सरकवू."

"गुपचूप काहून?" रुपराव भडकले. "तीस वर्सं झाले, मी सोयरिकी जुळवून राहिलो. दोन पार्ट्या समोरासमोर कशा बसवाच्या, हे तू मले शिकवतं?"

जरीपटक्यात त्यांचं वधू-वर सूचक केंद्र होतं. तिथून जमलेली बरीचशी लग्नं टिकलीही होती. त्याचं श्रेय जोडप्यांच्या सोशिकपणाला देण्याइतके रुपराव भोळे नव्हते.

तर पाहण्याचा रीतसर कार्यक्रम ठरला, अंगणात, चांगल्या उजेडात. देखणं आधी दाखवायचं आणि लंगडं शेवटी, हा केंद्राचा नियम. रुपराव एक पिवळंधमक पिल्लू तळहातावर घेऊन खुराड्यासमोर उकिडवे बसले. "पाह्य भुरे, घरंदाज आहे. तुह्याच रंगारूपाचं."

भुरीने मान वाकडी करून पाहिलं. पसंती आली असं समजून रुपरावांनी हात पुढे केला, आणि अंगठ्यावर असा टोचा बसला की पिल्लू बादलीमागे आणि पाहुणे चिखलात.

"अजी, लागलं काय?"

"काई नाई. पहिल्या भेटीत नकार येतच असते."

दुसऱ्या भेटीला त्यांनी पाच पिल्लं एकदम नेली. भरलेलं घर पाहून बाई नरमेल, असा त्यांचा अनुभव. बाई पिसं फुगवून खुराड्याबाहेर आली, रुपरावांना अंगणात दोन फेऱ्या पळवलं आणि भिंतीवर जाऊन बसली.

"झालं!" यमुताईंनी कपाळावर हात मारला. "आता तिचं खुडूकपन मोडलं, तं कोनती माय आनसान तुमी?"

तेवढ्यात शेवटी दाखवायचं म्हणून खोक्यात मागे ठेवलेल्या, एका पायाने लंगड्या पिल्लाची मान थंडीने लुळी पडली. एकवीस दिवस रुपरावांनी ती अंडी उलटीपालटी केली होती, कोणी नसताना त्यांच्याशी बोललेही होते. "यमू, मरतीन वं हे," ते म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी आलं.

"सरका बाजूले."

यमुताईंनी लंगडं पिल्लू उचलून पदरात घेतलं. ज्वारीचे दाणे टाकत टाकत भुरीला भिंतीवरून खाली आणलं, खुराड्यात घातलं आणि वरून पोतं ओढलं. अंधारून आल्यावर पोत्याखाली हात घालून एक गोटा काढला, दोन पिल्लं सरकवली. मग दुसरा गोटा. मग बाकीची. शेवटी पदरातलं लंगडं. आत भुरी बारीक आवाजात घुरघुरली, पंख पसरल्याचा आवाज झाला आणि अकराही पिल्लांची चिवचिव थांबली.

रुपरावांना हायसं वाटलं. पण धंद्याचा अभिमान गप्प बसू देईना. "फसवलं वं तू तिले. सकाळी उजेडात भुरी पाहीन, मंग?"

"पाहीन अन् सांभाळन," यमुताई गोटे धुवत म्हणाल्या. "मले पाह्याले आले होते तुमी, त्या दिवशी आमच्या घरची लाईट गेली. उजेडात तुमचं तोंड मी लग्नातच पाह्यलं. तुमच्या मामानंच फ्यूज काढला होता, हे मले बारा वर्सांनी समजलं. तवर तीन लेकरं होते पंखाखाली."

खुराड्याच्या एका कोपऱ्यातून पोतं जरा वर सरकलं होतं, ते रुपरावांनी हळूच खाली ओढलं.