उपसागर तापून राह्यला

पांढरकवड्यापासून समुद्र किती लांब, हे शाळेत भूगोल शिकवत असूनही मला नेमकं सांगता यायचं नाही. पण आमच्या गल्लीत बंदरावरचा धोक्याचा इशारा मात्र नियमाने चढायचा. वामनराव नाझरांच्या अंगणात एक उंच बांबू होता. बंगालच्या उपसागरात काही गडबड आहे असं वर्तमानपत्रात आलं, की ते त्यावर काळी रंगवलेली टोपली उपडी चढवत. गडबड मोठी असली तर खाली रॉकेलचा रिकामा डबा. बंदरात जहाजांना असंच सावध करतात, हे त्यांनी कचेरीच्या रद्दीतल्या कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. आमच्याकडे जहाजं नव्हती. हैदराबादेकडे जाणारे ट्रक होते. त्यांचे ड्रायव्हर टोपली दिसली की मजेने हॉर्न वाजवत.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराची ही गोष्ट. वामनराव तहसील कचेरीतून नाझर म्हणून निवृत्त झाले होते. दर बाजाराच्या दिवशी ते काळा कोट घालून कापसाच्या गाड्यांपाशी उभे राहत आणि पुढच्या आठवड्याचं हवामान जाहीर करत. सुरुवात ठरलेली, "उपसागर तापून राह्यला!" शेवटही ठरलेला, "आठ दिवस सांभाळा!"

"नाझरसाहेब, आज कोनाचं छप्पर उडवता?" गाडीवाले विचारत.

"हास लेका, हास. पत्रा उडाला का मंग येशीन मायाकडं."

एका लग्नात त्यांच्या शब्दावर मांडव दोरखंडांनी चौफेर आवळला. वादळ आलं नाही, पण नवरदेव दोरात पाय अडकून सासऱ्यांच्या अंगावर पडला. पुढे एकदा वावटळीने चहाच्या दुकानाचा बांबूचा तट्ट्या उडवला, तेव्हा वामनराव आठवडाभर त्या दुकानासमोरून उगाचच फेऱ्या घालत होते.

मी हसणाऱ्यांत असे, पण पोटातून नाही. माझे वडील जिनिंगमध्ये हमाल; आमच्या घरात दिवा एकच. मी बी.ए. झालो तो वामनरावांच्या ओसरीवर, त्यांच्या कंदिलाच्या उजेडात. शिवाय टोपली का चढते ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, कुसुमने, बंदरातल्या कचेरीत नोकरी करणाऱ्या एका तेलुगू मुलाशी स्वतःच्या मनाने लग्न केलं. वामनराव लग्नाला गेले नाहीत, नंतर एक अक्षर बोलले नाहीत. ती आंध्राच्या किनाऱ्यावर मच्छलीपट्टणला राहायला गेली, आणि त्याच वर्षी अंगणात बांबू उभा राहिला.

त्या पावसाळ्याच्या अखेरीला कुसुमचं तिच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंना, पत्र आलं. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी तिची फार इच्छा होती, आणि बाबांनी न्यायला यावं, म्हणजे सासरचे पाठवतील. आठवा लागला की प्रवास नाही, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

"जातो नं," वामनराव म्हणाले. "या हप्त्यात नाही. उपसागर तापून राह्यला."

पुढच्या आठवड्यात वाऱ्याचा पट्टा सरकत होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो परत फिरत होता.

"उपसागर गेला चुलीत!" काकू ओसरीवर येऊन कडाडल्या. "तिच्या घरावर वादळ येते म्हनता, मंग पोरगी तिथं कायले ठेवली? आना नं इकडं!"

वामनराव धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत राहिले.

मी म्हटलं, "काका, मी जाऊ का? भाऊ म्हणून?"

"बाप जित्ता असताना भाऊ काहून?" ते म्हणाले. मग काकू आत गेल्याचं पाहून हळूच म्हणाले, "गजानन, दार तिनंच उघडलं तं पह्यलं काय बोलू रे?"

"हवापाण्याचं बोला."

"तेवढंच तं येते मले."

त्यानंतरच्या बाजारात त्यांनी कोटाची बटणं नीट लावली, घसा साफ केला आणि जाहीर केलं, "आठ दिवस आभाळ मोकळं. कोनी भेवू नका."

एक म्हातारा गाडीवाला ओरडला, "नाझरसाहेब साफ म्हनून राह्यले! कापूस झाका रे, कापूस झाका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदिलाबादच्या मोटारीत बसले. मांडीवर काकूंनी दिलेली शिदोरी, कुसुमसाठी नवं लुगडं. मोटार सुटताना त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून मला आभाळ दाखवलं. खरोखरच निळं होतं.

दुपारी उपसागर आला. त्या वर्षी इतका पाऊस पुन्हा झाला नाही. पैनगंगेला पूर आला, पलीकडची वाट बंद झाली. वामनराव अलीकडच्या तीरावर चहाच्या टपरीत पाण्याकडे बघत बसून राहिले. पाणी उतरेना. शेवटी परतणाऱ्या एका ट्रकने त्यांना घरी आणून सोडलं. वाट मोकळी झाली तोवर आठवा लागला होता. आता पाठवता येणार नाही, असं सासरहून पत्र आलं.

कुसुमला तिकडेच मुलगी झाली. बाळंतीण सुखरूप होती.

वामनराव पुन्हा बाजारात बोलले नाहीत. कोणी मुद्दाम डिवचलं तर म्हणत, "वर पाहून घे, बावा. तुले बी डोये आहेत."

काकूंनी डिंकाचे लाडू केले. हैदराबादला जाणाऱ्या करीमभाईंच्या ट्रकमधून ते पाठवायचे, तिथून जावई येऊन घेऊन जाणार, असं ठरलं. डबा घेऊन वामनराव स्वतः नाक्यावर आले. मी बरोबर होतो. डबा त्यांनी मागे ठेवू दिला नाही. केबिनमध्ये, करीमभाईंच्या सीटशेजारी ठेवून दोरीने दोनदा बांधला.

करीमभाईंनी सवयीने विचारलं, "क्यों नाझरसाब, हफ्ताभर मौसम कैसा रहेगा?"

वामनरावांनी आभाळाकडे पाहिलंच नाही. ते खिडकीची कड धरून उभे होते.

"ते राहू द्या, करीमभाई. जावई भेटंन तुमाले. त्याले इचारून या, पोरगी कोनावर गेली म्हनून." ट्रक सुरू झाला तरी त्यांचा हात निघेना. चार पावलं ते ट्रकच्या बरोबरीने चालले. "मायं नाव नका सांगू पन. तुमीच इचारा. तुमाले सहज इचारता येईन."